मापाचे इंजिन आणि साच्याचे इंजिन



विहिरीवरचे ऑइल इंजिन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आता शेतोशेती विजेच्या मोटारी बसल्या आहेत. तरी ज्या गावी वीज उशिरा पोचली तिथल्या वडीलधाऱ्यांच्या कानांत त्या इंजिनाचा ठकठक आवाज अजून असेल. हँडल घालून जड चाक गरगर फिरवायचे, चाकाने वेग घेतला की कळ सोडायची, आणि मग ते धूर सोडीत आपल्या बळावर चालू लागायचे. आगगाडीचे डिझेल इंजिन हा याच ऑइल इंजिनाचा थोरला भाऊ. तत्त्व तेच, फक्त आकार आणि ताकद प्रचंड.

या थोरल्या भावाने अमेरिकेत पंचवीसेक वर्षांत वाफेच्या इंजिनाला रुळांवरून हुसकून लावले. १९३५ साली अमेरिकेच्या लांब पल्ल्याच्या रुळांवर वाफेचे राज्य होते. १९६० साली ते राज्य संपले होते. असे का झाले म्हणून कोणी विचारले तर आपण चटकन सांगतो, नवे यंत्र चांगले होते, ते जिंकले. जुने मागासलेले होते, ते हरले. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण आता बघा, ज्या कारखान्यांना वाफेची इंजिने करण्याचा शंभर शंभर वर्षांचा अनुभव होता, त्यांनाही डिझेल माहीत होते. अमेरिकेतले पहिले यशस्वी डिझेल इंजिन त्यांच्यातल्याच एकाने मिळून केलेले होते. आणि तरीही ते कारखाने बुडाले, आणि ज्या मंडळींनी आयुष्यात आगगाडीचे इंजिन केले नव्हते ती पुढे गेली. हे कसे घडले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आधी जुन्या घराण्यांची ओळख करून घेऊ. फिलाडेल्फिया शहरात मथायस बाल्डविन नावाचा एक कारागीर होता. मूळचा तो जवाहिऱ्याच्या धंद्यात शिकलेला. १८३२ साली त्याने ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ हे आपले पहिले आगगाडीचे इंजिन पुरे केले. त्याच्या मागे त्या कारखान्याची एवढी वाढ झाली की १९०६ या एका वर्षात तिथून अडीच हजारांहून अधिक इंजिने बाहेर पडली. दुसरे घराणे ‘अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी’चे, तिला लोक थोडक्यात ‘अल्को’ म्हणत. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावचा कारखाना आणि इतर सात कारखाने १९०१ साली एकत्र येऊन ही कंपनी झाली. तिसरे घराणे ओहायो राज्यातल्या लायमा गावचे. या तिघांनी अमेरिकेला इंजिने पुरवली, आणि जगाच्या बाजारातही पाठवली.

यांच्या हाताला किती कसब होते याचा एकच दाखला देतो. युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी अल्कोने १९४१ ते १९४४ या काळात ‘बिग बॉय’ नावाची पंचवीस इंजिने केली. कोळसा-पाण्याच्या टेंडरसह एकेकाचे वजन पाचशे टनांहून अधिक, आणि लांबी सुमारे १३२ फूट. त्यांतले एक इंजिन २०१९ साली पुन्हा दुरुस्त करून चालते केले, तेव्हा ते पाहायला रुळांच्या दुतर्फा माणसांची गर्दी लोटली. तेव्हा, ही मंडळी अडाणी होती म्हणून हरली, असे कोणी समजू नये.

मग त्यांची कामाची पद्धत कशी होती? शिंप्याकडे आपण कापड घेऊन जातो, तो माप घेतो, आणि आपल्या अंगाचा सदरा शिवतो. अगदी तशी. प्रत्येक रेल्वेचा स्वतःचा मुख्य यंत्र-अभियंता असे. आमचा घाट इतका चढा, आमचे पूल इतकेच वजन पेलतात, आमच्या खाणींतला कोळसा कठीण आहे तेव्हा भट्टी रुंद हवी, अशी मापे तो कारखान्याला देई. मग कारखाना त्या मापाचे नकाशे काढी, साचे करी, आणि पाच, दहा, वीस इंजिने बांधून देई. पुढची मागणी दुसऱ्या रेल्वेची. तिची मापे निराळी. काही रेल्वे कंपन्या तर आपली इंजिने घरीच करीत. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने अल्टूना गावच्या आपल्या कारखान्यांत हजारो इंजिने बांधली.

या पद्धतीला कारणही होते. वाफेचे इंजिन जिथे चालायचे त्या भूमीशी बांधलेले असते; पाणी, कोळसा, चढण, वळणे या सगळ्यांशी त्याचा हिशेब असतो. म्हणून मापाप्रमाणे करणे शहाणपणाचेच होते. पण त्याची किंमत अशी, की एका रेल्वेच्या इंजिनाचा भाग दुसरीच्या इंजिनाला बसत नसे. काही मोडले की तो भाग लोको शेडमध्ये नव्याने घडवायचा, घासायचा, जुळवायचा. त्यासाठी जागोजागी लोहार, ओतारी, बॉयलर दुरुस्त करणारे आणि फिटर यांची गावेच्या गावे वसली होती.

आता डिझेलकडे वळू. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, हे मुलांनाही ठाऊक असते. हवा दाबली की ती तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने याच गोष्टीचा उपयोग केला. सिलिंडरमधली हवा मूळच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शाइतकी दाबली तर ती एवढी तापते की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तेल आपोआप पेट घेते. काडी नको, ठिणगी नको. पेटलेला वायू फुगतो आणि दट्ट्याला ढकलतो. १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी डिझेलचे इंजिन यशस्वीपणे चालले. त्याच वर्षी सेंट लुईस शहरातल्या ॲडॉल्फस बुश या बिअरच्या कारखानदाराने अमेरिकेपुरते त्याचे हक्क विकत घेतले.

या इंजिनाचा मोठा गुण काटकसरीचा. आगगाडीचे वाफेचे इंजिन शंभर रुपयांचा कोळसा जाळी, तर त्यातले दहा रुपयांचेही काम चाकाला मिळत नसे; बाकी सगळे धुराड्यातून आकाशात. डिझेलचे पहिले इंजिनच इंधनातल्या शक्तीचा चौथा हिस्सा कामाला लावीत होते.

पण एक मोठी अडचण होती. भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैल जसा सारी ताकद लावून पहिला हिसका देतो, तसा हिसका वाफेचे इंजिन चाक थांबलेले असतानाही देऊ शकते. डिझेलला ते जमत नाही. आधी ते मोकळे फिरून वेगात यावे लागते, मग त्याच्यावर ओझे टाकायचे. म्हणून तर विहिरीवरच्या इंजिनाला आपण हाताने फिरवून देत होतो. मोटारगाडीत ही अडचण क्लच आणि गिअर यांनी सुटते. पण हजार टनांची गाडी ओढणारे गिअर त्या काळी टिकेनात. यावर उपाय निघाला तो विजेचा. डिझेल इंजिनाने चाक फिरवायचेच नाही. त्याने जनित्र फिरवायचे, जनित्राने वीज करायची, आणि ती वीज आसांना जोडलेल्या मोटारींनी वापरायची. विजेची मोटार उभ्या जागी जोराचा हिसका देऊ शकते. म्हणजे ज्याला आपण डिझेल इंजिन म्हणतो ते खरे पाहता चाकांवरचे वीजघरच आहे. हे वीजघर आणि मोटारी यांचा मेळ चालकाच्या हातातल्या दांड्याने नीट राखता यावा, यासाठी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या हर्मन लेम्प या अभियंत्याने खूप परिश्रम घेतले.

विजेमुळे दुसराही फायदा झाला, आणि तो पुढे निर्णायक ठरला. वाफेची चार इंजिने एका गाडीला जोडली तर चार चालक आणि चार फायरमन लागत. डिझेलची चार इंजिने तारांनी एकमेकांना जोडली की पुढच्या इंजिनातला एकच चालक चारही इंजिने चालवू शकतो.

या इंजिनाला पहिली संधी मिळाली ती धुरामुळे. ८ जानेवारी १९०२ रोजी न्यूयॉर्कमध्ये पार्क ॲव्हेन्यूखालच्या बोगद्यात धूर आणि वाफ एवढी कोंदली होती की चालकाला सिग्नल दिसले नाहीत. त्याची गाडी पुढे उभ्या असलेल्या गाडीवर आदळली आणि पंधरा माणसे दगावली. लोक खवळले. कायदा झाला, आणि १९०८ पासून शहराच्या मधल्या भागात, म्हणजे मॅनहॅटनमध्ये, वाफेच्या इंजिनाला मनाई झाली. १९२३ साली आणखी कडक कायदा आला. मोठ्या रेल्वेंनी विजेच्या तारा ओढल्या. पण एखाद्या लहानशा मालधक्क्यासाठी तारा कोण ओढणार? अशा जागी उपयोगी पडावे म्हणून अल्को, जनरल इलेक्ट्रिक आणि इंगरसोल-रँड या तीन कंपन्यांनी मिळून ३०० अश्वशक्तीचे डिझेल-विद्युत इंजिन बांधले. १९२५ साली न्यू जर्सीच्या सेंट्रल रेल्वेने ते घेतले. त्याचा क्रमांक १०००. ते इंजिन १९५७ पर्यंत म्हणजे बत्तीस वर्षे डबे इकडून तिकडे हलवीत राहिले. आज ते बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे.

म्हणजे पाहा, अल्कोला डिझेल १९२५ पासून ठाऊक होते. बाल्डविननेही त्याच वर्षी एक प्रायोगिक डिझेल इंजिन बांधले होते. पण दोघांनीही मनाशी ठरवले की डबे हलवायला हे ठीक. लांब पल्ल्याची गाडी ओढावी ती वाफेनेच.

आता या कथेत तिसरा माणूस येतो. हॅरॉल्ड हॅमिल्टन याने १९२२ साली क्लीव्हलँड शहरात एक छोटी कंपनी काढली. ती स्वतः काहीच बनवीत नसे. एका कारखान्याकडून पेट्रोलचे इंजिन, दुसऱ्याकडून डबा, तिसऱ्याकडून मोटारी अशी जुळणी करून ती आडमार्गांवर चालणारे स्वयंचलित डबे विकी. आणि विकून मोकळी होत नसे. चालकांना शिकवी, बिघाड झाला तर माणूस पाठवी. ही रीत तिने मोटारगाड्यांच्या धंद्यातून उचलली होती. १९३० साली जनरल मोटर्स या बलाढ्य मोटार कंपनीने ही कंपनी विकत घेतली, आणि तिला इंजिने पुरवणारा विंटनचा कारखानाही घेतला.

जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेचा प्रमुख चार्ल्स केटरिंग हा कल्पक गृहस्थ होता. त्या काळची डिझेल इंजिने बोजड असत. त्याला हवे होते हलके आणि चपळ इंजिन. १९३३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले, तिथे त्याच्या मंडळींची नवी इंजिने कंपनीच्या दालनाला वीज पुरवीत होती. इंजिने अजून कच्ची होती, रात्र रात्र जागून त्यांची दुरुस्ती चाले. पण बर्लिंग्टन रेल्वेचे अध्यक्ष राल्फ बड यांच्या नजरेत ती भरली. त्यांनी एका नव्या गाडीसाठी ते इंजिन मागितले.

ती गाडी म्हणजे ‘झेफर’. गंज न चढणाऱ्या पोलादाची, चांदीसारखी लखलखणारी, तीन डब्यांची. २६ मे १९३४ रोजी पहाटे ती डेन्व्हरहून निघाली आणि १,०१५ मैल, म्हणजे सुमारे १,६३० किलोमीटर, वाटेत न थांबता १३ तास ५ मिनिटांत शिकागोला पोचली. नेहमीच्या गाडीला याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागे. गाडीत पाहुण्यांबरोबर एक गाढवही होते! कोलोरॅडोच्या डोंगरातले ते गाढव प्रदर्शनासाठी भेट म्हणून दिलेले. वाटेत गावोगावी माणसे रुळांकाठी उभी होती. मंदीचे दिवस होते, कामधंदा नव्हता; त्या दिवसांत या गाडीने लोकांच्या मनाला उभारी दिली.

पण धंदा उभारीवर चालत नाही. खरे काम सुरू झाले ते १९३५ साली, शिकागोजवळच्या ला ग्रेंज गावी. तिथे जनरल मोटर्सने फक्त डिझेल इंजिनांसाठी नवा कारखाना उभारायला घेतला. आता हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा, कारण सगळी गोम इथे आहे.

हेन्री फोर्ड याने १९१३ साली डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क इथे मोटारीची जुळणी सरकत्या रांगेवर सुरू केली, तेव्हा सांगाडा जोडायचे साडेबारा तासांचे काम वर्षभरात दीड तासावर आले. प्रत्येक भाग एकाच मापाचा, कुठलाही कुठेही बसणारा. म्हणून हे जमले. ला ग्रेंजच्या मंडळींनी हा मोटारीचा धडा आगगाडीच्या इंजिनाला लावला. आगगाडीची इंजिने मोटारींसारखी लाखांनी खपत नाहीत, तेव्हा सरकती रांग जशीच्या तशी आणून भागण्यासारखे नव्हते. पण त्यामागचा विचार आणता येत होता. मोजक्याच नमुन्यांची इंजिने करायची. पोलादी पत्रे कापायचे आणि साच्यात धरून जोडायचे. सिलिंडर, दट्ट्या, डोके हा सगळा संच एकदम काढता आणि एकदम बसवता आला पाहिजे. १९३८ सालचे त्यांचे इंजिन ‘५६७’ या आकड्याने ओळखले जाते. प्रत्येक सिलिंडर ५६७ घन इंचांचा म्हणून ते नाव. सहा सिलिंडर हवे असोत की सोळा, आतला संच तोच.

मग एखाद्या रेल्वेचा अभियंता जुन्या सवयीने म्हणे, ‘आम्हाला यात एवढा फेरफार करून द्या.’ त्यावर ला ग्रेंजचे उत्तर असे : रंग तुमच्या पसंतीचा देऊ, इंजिन आमच्या नमुन्याचे घ्यावे लागेल. त्याच्या बदल्यात ते सांगत, याचे भाग आमच्या कोठारात तयार आहेत, तुमच्या माणसांना आमच्या शाळेत शिकवू, आणि वर्षाला खर्च किती येईल तोही आकडा देऊ. शिंप्याचे दुकान आणि तयार कपड्यांचे दुकान यांतला जो फरक, तोच इथे झाला.

तरीही रेल्वेवाल्यांची खात्री पटेना. प्रवासी गाडी हलकी असते, मालगाडीचे काय? तेव्हा १९३९ च्या अखेरीस ला ग्रेंजने १०३ क्रमांकाचे मालगाडीचे इंजिन बाहेर काढले. चार भागांचे, प्रत्येकी १,३५० म्हणजे एकूण ५,४०० अश्वशक्तीचे. अकरा महिने ते देशभर हिंडले. वीस रेल्वे, पस्तीस राज्ये, ८३,७६४ मैल. कडाक्याच्या थंडीत, वाळवंटाच्या उन्हात, दहा हजार फुटांच्या घाटांत त्याने मालगाड्या ओढल्या. सॅन्टा फे रेल्वेला ॲरिझोनाच्या वाळवंटात पाण्याची मोठी विवंचना असे. वाफेच्या इंजिनासाठी तिला टाक्या भरभरून पाणी वाहून न्यावे लागे. जे इंजिन पाणी पीतच नाही ते तिला देवाने धाडल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. मालगाड्यांसाठी पहिली मागणी तिनेच नोंदवली.

इकडे जुनी घराणी काय करीत होती? बाल्डविनचे एक वडील अधिकारी सॅम्युएल वॉक्लेन यांनी १९३० साली भाकीत केले होते की निदान १९८० पर्यंत वाफेला मरण नाही. १९३५ साली त्याच कंपनीचे रॉबर्ट बिंकर्ड यांनी न्यूयॉर्कमध्ये भाषण केले. त्याचे शीर्षक बायबलातल्या, मळणी करणाऱ्या बैलाला मुसके घालू नये, अशा अर्थाच्या वचनावर बेतलेले होते. ज्या बैलाने इतकी वर्षे धान्य मळले, त्या वाफेच्या इंजिनाला आज उपाशी मारू नका, असा त्यांचा सूर. आपल्या शेतकऱ्याला ही उपमा लगेच कळेल आणि पटेलही. पण हिशेब भावनेवर चालत नाही. बिंकर्ड यांचे भाषण झाले त्याच वर्षी बाल्डविन कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती.

पुढे महायुद्ध आले. सरकारच्या युद्ध-उत्पादन मंडळाने कामाची वाटणी केली. मालगाडीची मोठी डिझेल इंजिने मुख्यतः ला ग्रेंजने करावी. अल्को आणि बाल्डविन यांनी वाफेची इंजिने आणि डबे हलवणारी लहान डिझेल इंजिने करावी. या वाटणीने आमचा घात झाला, असे जुन्या कारखान्यांच्या बाजूने पुष्कळदा सांगितले जाते. त्यात काही तथ्य आहे. पण आघाडी युद्धाआधीच गेलेली होती. शिवाय जनरल मोटर्स स्वतः रेल्वेंना प्रचंड माल वाहायला देई. त्या जोरावर ती इंजिने गळ्यात मारते, असा आरोप ठेवून सरकारने १९६१ साली खटलाही भरला. पुढे तो मागे घेण्यात आला.

युद्धानंतर जुन्या घराण्यांनी डिझेल मनावर घेतले खरे, परंतु हाताची सवय सुटली नाही. बाल्डविनच्या इंजिनाचा वेगाचा दांडा हवेच्या दाबावर चाले, इतरांचा विजेवर. त्यामुळे बाल्डविनचे इंजिन सहसा दुसऱ्या कारखान्याच्या इंजिनाला जोडून एका चालकाकडून चालवता येत नसे. एकाच मागणीतल्या दोन इंजिनांच्या नळ्यादेखील निराळ्या वाटांनी गेलेल्या सापडत, असे दुरुस्ती करणारे सांगत. म्हणजे तेल आले, वीज आली, पण इंजिन अजून मापाने शिवले जात होते! अल्कोची चूक निराळी. स्पर्धेत मागे पडू नये म्हणून तिने ‘२४४’ नावाचे इंजिन घाईने बाजारात आणले. त्याचे क्रँकशाफ्ट आणि हवा भरणारे टर्बो वारंवार बिघडत. पुढे तिने ‘२५१’ हे उत्तम इंजिन केले. पण तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेले होते.

शेवट झटपट सांगतो. लायमाने वाफेचे शेवटचे इंजिन १९४९ साली केले. बाल्डविन १९५० साली लायमाशी एक झाली, आणि १९५६ साली तिने आगगाडीची इंजिने करणे थांबवले. १९५२ च्या सुमारास अमेरिकेच्या रुळांवर डिझेलची संख्या वाफेपेक्षा जास्त झाली. नॉरफोक अँड वेस्टर्न या कोळसा वाहणाऱ्या रेल्वेने रोअनोक गावी १९५३ पर्यंत स्वतःची वाफेची इंजिने बांधली. १९६० साली तिनेही भट्ट्या विझवल्या.

इथपर्यंत यंत्रांची गोष्ट झाली. आता माणसांची. वाफेच्या इंजिनामागे केवढा गोतावळा असे! राख काढणारे, बॉयलर धुणारे, पाण्याच्या टाक्या राखणारे, कोळसा चढवणारे. दर शंभर-दीडशे मैलांवर इंजिन बदलायचे, म्हणून तिथे लोको शेड, आणि शेडच्या आधाराने गाव. डिझेल तेवढ्या अंतरावर थांबतच नाही. अशा किती गावांतून गाडी नुसती निघून जाऊ लागली! अमेरिकन रेल्वेंवर १९४५ साली सुमारे चौदा लाख माणसे कामाला होती. १९६० साली आठ लाखांहून कमी. याचे सारे पाप डिझेलच्या माथी मारणे योग्य नव्हे. मालट्रक, मोटारी आणि विमाने यांनीही रेल्वेचा धंदा खाल्ला. पण शेडमधला बॉयलर दुरुस्त करणारा माणूस गेला तो डिझेलमुळेच.

सर्वांत लांबले ते फायरमनचे प्रकरण. भट्टीच नाही, तर भट्टीत कोळसा घालणारा कशाला? १९३७ च्या एका करारान्वये डिझेलवरही त्याची जागा राखलेली होती. १९५९ पासून रेल्वे कंपन्यांनी ही जागा काढून टाकण्याचा हट्ट धरला. संघटनांचे म्हणणे, चालकाशेजारी दुसरी नजर हवी, ती सुरक्षिततेसाठी. कंपन्यांचे म्हणणे, बसून पगार देणे परवडत नाही. देशभर संपाची वेळ आली, तेव्हा ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून हा तंटा सक्तीच्या लवादाकडे दिला. लवादाने निर्णय दिला की मालगाड्या आणि यार्डे यांतल्या फायरमनच्या शेकडा नव्वद जागा हळूहळू रद्द करता येतील. ज्याने उमेदीची वर्षे भट्टीपुढे भाजून घेतली, त्याच्या वाट्याला हे आले. तुम्ही म्हणाल, यात चूक कोणाची? मला वाटते, यंत्र बदलले ही चूक नव्हे. यंत्र बदलताना माणसाचे काय करायचे, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला गेला, ही चूक.

आणि जिंकणाऱ्याचे तरी काय झाले? १९६० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी, जी आजवर इतरांना मोटारी आणि जनित्रे पुरवीत होती, ती स्वतःच मोठी इंजिने करून मैदानात उतरली. त्या धक्क्याने अल्को तिसऱ्या क्रमांकावर गेली आणि १९६९ साली स्केनेक्टडीचा कारखाना बंद पडला. १९८० नंतरच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने जनरल मोटर्सलाही मागे टाकले. ला ग्रेंजमधली इंजिनांची जुळणी पुढे थांबली, २००५ साली जनरल मोटर्सने हा धंदाच विकला, आणि २०१० साली तो कॅटरपिलर कंपनीच्या ताब्यात गेला. जनरल इलेक्ट्रिकचा इंजिनांचा धंदाही २०१९ साली वॅबटेक कंपनीत मिसळला. ज्याच्या हाती आज साचा आहे, त्याच्या हाती तो उद्या राहीलच असे नाही.

या हरलेल्या घराण्यांचा आपल्या देशाशी मात्र जवळचा संबंध आहे. पुढे बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार नाक आणि त्यावर तारा असलेले ‘डब्ल्यूपी’ जातीचे वाफेचे इंजिन जुन्या माणसांना आठवत असेल. त्यातली पहिली इंजिने १९४७ साली बाल्डविनकडूनच आली. अल्कोची डिझेल इंजिने भारतात १९५७ च्या सुमारास येऊ लागली. १९६२ साली तिचे २,६०० अश्वशक्तीचे नवे इंजिन आले. त्यात तेच सुधारलेले ‘२५१’ होते. अल्कोच्या सहकार्याने वाराणसीला कारखाना निघाला, आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथे जुळवलेले पहिले इंजिन बाहेर पडले. अल्को १९६९ साली मिटली; पण तिच्या नमुन्याची इंजिने वाराणसीला नव्वदीच्या दशकातही होत होती, दोन हजारांहून अधिक झाली. पुण्याजवळच्या घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये आपल्या माणसांनी ती वर्षानुवर्षे उघडली, धुतली, पुन्हा जुळवली. स्केनेक्टडीला जे ज्ञान निराधार झाले ते इथे रुजले आणि वाढले. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाला तो डिझेलच्याच बळावर, आणि संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ साली पुरे होईपर्यंत डिझेलनेच ते घाट आणि बोगदे सांभाळले. आता वाराणसीचा कारखानाही विजेची इंजिने करतो. काळाचे चाक तिथेही फिरले आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करून हे भाषण संपवतो. औद्योगिक क्रांती शिकवताना आपण शोध आणि सनावळ्या पाठ करून घेतो. त्याबरोबर मुलांना एक काम सांगावे. आपल्या गावात पूर्वी मापाने होणारी कोणती वस्तू आता साच्यातून तयार येते, ते त्यांनी शोधून काढावे. गाडीचे चाक असेल, पायातली वहाण असेल, पाण्याचा माठ असेल. ती वस्तू स्वस्त झाली का, टिकाऊ झाली का, दुरुस्त कोण करतो, हे विचारावे. आणि शेवटी, ती घडवणारा माणूस आज काय काम करतो, हे त्याच्या घरी जाऊन, त्याच्याजवळ बसून विचारावे आणि वहीत लिहून आणावे.